थांबलेला काटा

वजन उतरत असतं तेव्हा धीर लागत नाही. त्या दिवसांत सकाळी काट्यावर पाय ठेवायचा अवकाश, शाबासकी हजर असते. कालच्यापेक्षा दोनशे ग्रॅम कमी, मागच्या रविवारपेक्षा किलोभर कमी. लग्नकार्यात भेटलेली मावशी हात धरून म्हणते, "अगं, किती बारीक झालीस!" कपाटाच्या तळाशी गेलेला कुर्ता पुन्हा अंगात बसतो. अशा वेळी दुसरी पोळी नाकारायला फारसा निग्रह लागत नाही, कारण नाकारलेल्या पोळीचा मोबदला चारच दिवसांत पदरात पडतो.

परीक्षा सुरू होते ती काटा थांबल्यावर. जेवण तेच, चालणं तेच, झोपेची वेळही तीच, तरी आकडा जागचा हलत नाही. आठवडा जातो, दुसरा जातो. जिममधली मुलं याला 'प्लॅटो' म्हणतात, घरी आपण 'वजन अडकलंय' म्हणतो. या दिवसांत भुकेपेक्षाही जास्त छळते ती अन्यायाची भावना. मी सगळं नीट करतेय, मग मला फळ का नाही? आणि त्यामागून येणारा प्रश्न अधिक घातक असतो: मग करायचं तरी कशाला? मी या दिवसांतून गेले आहे. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायकांनी नेमक्या याच वळणावर सकाळचं चालणं सोडलेलं मी पाहिलं आहे. कष्टांना त्या भ्यायल्या नव्हत्या. आपले कष्ट वाया चालले आहेत, ही समजूत त्यांना पुरती खचवून गेली. ती समजूत खरी नाही, हे मला मनापासून सांगायचं आहे.

आपली दिशाभूल होते ती सुरुवातीच्या वेगानं. शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साखरेचा साठा ठेवतं, साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं कमी झालं की आधी हा साठा वापरला जातो आणि त्याच्याबरोबरचं पाणी निघून जातं. पहिल्या पंधरवड्यात जे दोन किलो झपाट्यानं जातात, त्यांत पाण्याचा वाटा बराच असतो. मन मात्र तो वेग हक्काचा मानून बसतं.

याच्या उलटही घडतं. चरबी उतरत असते, पण काटा ते दाखवत नाही. आदल्या रात्री पंगतीत पापड-लोणचं जास्त झालं, पाळी जवळ आली, नव्या व्यायामानं पोटऱ्या ठणकत असल्या, की शरीर पाणी धरून ठेवतं. किलोभराचा फरक एवढ्यानंच पडू शकतो. आठवड्याभरात खरोखर उतरणारी चरबी सहसा अर्ध्या किलोच्या आसपास. ती या पाण्याखाली सहज झाकली जाते. इटलीतल्या पादुआचे वैद्य सांतोरियो सांतोरियो यांनी हे चढउतार चारशे वर्षांपूर्वी पाहिले होते. त्यांनी मोठ्या तराजूला खुर्ची टांगली, तिच्यात बसून ते जेवले, आणि सुमारे तीस वर्षं स्वतःचं वजन, पोटात गेलेलं अन्न आणि बाहेर पडणारं मलमूत्र मोजत राहिले. खाल्ल्याप्यायल्यातला मोठा भाग मलमूत्रात सापडत नाही, तो त्वचेतून आणि श्वासातून नकळत निघून जातो, असं त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा ग्रंथ १६१४ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षानुवर्षांच्या नोंदींतून त्यांना जे दिसलं, ते कुठल्याही एका सकाळच्या आकड्यात दिसणं शक्य नव्हतं.

तरीही महिना-दोन महिने आकडा खरोखरच थांबला, तर त्यामागेही कारण आहे, आणि ते आपल्या आळसात शोधू नये. १९५८ मध्ये मॅक्स विश्नॉफ्स्की या अमेरिकी डॉक्टरांनी एक हिशोब मांडला: एक पौंड वजन म्हणजे ३,५०० कॅलरी. तेव्हापासून रोज ५०० कॅलरी कमी खा, आठवड्याला जवळपास अर्धा किलो उतरेल, हे गणित जगभरच्या आहारतक्त्यांत जाऊन बसलं. हे गणित कायम खरं राहिलं असतं, तर पथ्य पाळणारा माणूस काही वर्षांत नाहीसाच झाला असता. संशोधक केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दुरुस्त हिशोब दिला. वजन उतरतं तसं शरीर लहान होतं आणि लहान शरीराचा खर्चही कमी होतो. रोजच्या जेवणातून २४ कॅलरी कायमच्या कमी केल्या, तर वजन कालांतरानं साधारण एक किलोनं उतरतं. त्यातलं निम्मं वर्षभरात उतरतं, उरलेलं बहुतेक तीन वर्षांत. मग ते आपोआप स्थिरावतं. थोडक्यात, थांबणं हे त्या हिशोबातच लिहिलेलं असतं.

याच्याच पुढची गोष्ट कळली तेव्हा मी विचारात पडले. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो, आणि भूक मात्र रोज १०० कॅलरींच्या आसपास वाढते. घरातला पगार कमी झाला की घर खर्च आवरतं आणि मिळेल तिथून पैसा उभा करू बघतं, तसं शरीर दोन्ही बाजूंनी स्वतःला सावरत असतं. याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. पहिल्या महिन्यात भूक जेवढी ओढत होती, त्यापेक्षा सहा किलो उतरल्यावर ती कितीतरी जोरानं ओढत असते. त्या ओढीला रोज तोंड देऊन काटा जिथल्या तिथे राहिला, तर त्यामागे वजन उतरतानाच्या दिवसांपेक्षा अधिक श्रम असतात. आकडा हलला नाही म्हणजे आपण काहीच केलं नाही, असं मुळीच नाही. आपण केलं म्हणून तो वर सरकला नाही.

शरीराच्या या सावरण्याला किती खोल मुळं आहेत, हे मिनेसोटा विद्यापीठातल्या एका प्रयोगानं दाखवलं. दुसऱ्या महायुद्धात युरोपात उपासमार चालली होती. उपाशी माणसांना पुन्हा कसं सावरायचं हे कळावं, म्हणून ३६ तरुणांनी स्वतः अर्धपोटी राहायचं कबूल केलं. हे सगळे शस्त्र धरायला नकार दिलेले युद्धविरोधक होते. १९४५ मध्ये अॅन्सेल कीज यांच्या देखरेखीखाली त्यांना २४ आठवडे रोज सुमारे १,५७० कॅलरी मिळाल्या. आठवड्याला पस्तीस किलोमीटर चालणंही होतं. त्यांचं वजन जवळपास चतुर्थांशानं घटलं आणि विश्रांतीच्या वेळचा शरीराचा खर्च सुमारे ४० टक्क्यांनी खाली आला. नाडी मंदावली, भर उन्हाळ्यात थंडी वाजू लागली, डोक्यात दिवसरात्र अन्नाशिवाय दुसरं काही उरलं नाही. काटा अडकल्यावर घाबरून ताटातला भात, मग भाकरी, मग रात्रीचं जेवणच सोडणाऱ्या मैत्रिणींना मी या तरुणांची गोष्ट सांगते. बायकांच्या हाती सर्रास पडणाऱ्या १,२०० कॅलरींच्या तक्त्यांहून या तरुणांचं ताट मोठं होतं. शरीराला आणखी घाबरवून ते आपलं ऐकत नाही.

पंथ बदलण्याचा मोहही याच काळात होतो. २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात घराघरांत दीक्षित की दिवेकर हा आहारपद्धतींचा वाद रंगला होता. एका बाजूला दिवसातून दोनदाच, तेही ५५ मिनिटांच्या आत जेवायचं. दुसऱ्या बाजूला घरचं, आपल्या मातीतलं अन्न थोडं थोडं करून खायचं. माझ्या परिचयात दोन्ही वाटांनी वजन उतरवलेली माणसं आहेत, आणि दोन्ही वाटांवर ज्यांचा काटा अडकला अशीही आहेत. अडकलेला माणूस या वाटेवरून त्या वाटेवर उडी मारतो, पहिल्या पंधरवड्यात पुन्हा काही किलो जातात, आणि मग तोच मुक्काम पुन्हा येतो. कुठलीही वाट धरली तरी तिथे पोचावंच लागतं.

मग टिकायचं कशाच्या बळावर? मला याचं उत्तर माझ्या घराण्यातून मिळालं. वडिलांना चाळिशीतच मधुमेह झाला. इन्सुलिन, जखमा, डोळ्यांचं ऑपरेशन हे सगळं आम्ही जवळून पाहिलं. मी चालायला लागले ती या भीतीपोटी, आणि म्हणून मधुमेहाबद्दल जे कळत गेलं ते मला काट्यापेक्षा मोलाचं वाटत गेलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं होतं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपली भारतीय शरीरं बारीक दिसूनही आत चरबी बाळगतात, हे याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून मांडलं. असा फरक काटा कधीच दाखवणार नाही. तसंच पोटावरची चरबी कमी होऊन मांड्यांचे स्नायू बळकट झाले, तर तेही तो दाखवणार नाही. कमरेभोवतीची शिंप्याची टेप त्याच्याहून खरं बोलते: भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर, ही तिच्यावरची धोक्याची खूण.

याहून मोठा दिलासा चेन्नईतून मिळाला. डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांना सुमारे तीन वर्षं पाहिलं आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांना नेहमीचा सल्लाच मिळाला, त्यांच्यातल्या ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. ज्यांनी आहार सुधारला आणि रोज चालणं ठेवलं, त्यांच्यात हे प्रमाण ३९.३ टक्के होतं. या दुसऱ्या गटाचं वजन मात्र म्हणण्यासारखं उतरलंच नव्हतं. काटा जागच्या जागी राहिला आणि तरी आजार लांबला. कष्ट वाया चालले असं जिला वाटतं, तिला मी हे आकडे पुन्हा पुन्हा सांगेन.

पर्वतीवर पहाटे चढणारी जुनी मंडळी मी रोज पाहते. त्यांतले काही जण पंचवीस-तीस वर्षं येताहेत. एक आजोबा काठी टेकत चढतात, प्रत्येक टप्प्यावर थांबतात, आणि वर पोचल्यावर आलेल्या-न आलेल्यांची चौकशी करतात. त्यांच्या तोंडी साखरेचा रिपोर्ट येतो, गुडघे येतात, नातवाची परीक्षा येते. किलो येत नाहीत. वजन उतरवायला म्हणून आलेले आम्ही काही महिन्यांत गळतो, आणि ही माणसं टिकतात. त्यांना येण्याचं कारण रोज नव्यानं मिळतं: सोबत, वारा, वर पोचल्यावर भरून आलेली छाती. वजन हे कारण कधीतरी संपणारच असतं. ते संपण्याच्या आत दुसरं कारण मुरायला हवं.

वजन उतरण्याचा काळ आयुष्यात फार थोडा असतो, काही महिने, फार तर दोन वर्षं. त्यानंतरचं सगळं आयुष्य काटा स्थिर ठेवूनच काढायचं असतं. वजन उतरवलेली बहुतेक माणसं हरतात ती तिथे, कारण बक्षिसाशिवाय पथ्य पाळण्याची सवय त्यांना कधी लागलेलीच नसते. अडकलेले हे आठवडे ती सवय लावतात. आकडा शाबासकी देत नसताना भाकरी मोजून घेणं, पाऊस असला तरी बूट चढवणं, दिवाळीत एक लाडू समाधानानं खाऊन डबा बंद करणं, हे सगळं पुढच्या तीस वर्षांचं काम आहे, आणि त्याचा सराव आत्ताच होतो.

वजन आणखी उतरणं तब्येतीसाठी गरजेचं असेल, तर करण्यासारखंही पुष्कळ आहे. फोडणीचं तेल चमच्यानं मोजावं. एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी असतात आणि हात सैल पडला की त्या मुकाट्यानं वाढतात. जेवणात डाळ, उसळ, दही, अंडं वाढवावं. आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलावीत, म्हणजे स्नायू टिकतात. झोप पुरी करावी. थायरॉईड तपासून घ्यावा, आणि चालू असलेल्या एखाद्या औषधानं वजन धरून ठेवलं आहे का, हे डॉक्टरांना विचारावं. काट्यावर आठवड्यातून एकदाच उभं राहावं आणि चार आठवड्यांचे आकडे शेजारी ठेवून बघावेत.

आणि एवढं करूनही तो हलला नाही, तर मान खाली घालायचं कारण नाही. दर किलोमागे वाढलेली भूक, घटलेला खर्च आणि घराण्यातून आलेला आजार, या सगळ्यांसमोर आपण जिथे उभे होतो तिथेच उभे आहोत. वजन उतरवायला निघालो तेव्हा मागितलं होतं तेही एवढंच, की उतरलेलं पुन्हा चढू नये.