दिंडीच्या ट्रकमधले स्वयंपाकघर

पुणे ते सासवड हा माउलींच्या पालखीचा सर्वांत लांब टप्पा, त्यात दिवे घाटाची चढण. वारकरी तळावर टेकतात ते भुकेनेच. त्यांच्याआधी पोहोचून चूल पेटवायची ती दिंडीच्या ट्रकने.

गेल्या वारीत घाटाच्या वळणावर आमच्या ट्रकमधला डिझेलचा कॅन कलंडला आणि पिठाचे पोते भिजले. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी नुसत्या आमटी-भातावर रात्र काढली. तक्रार कुणीच केली नाही, तेच मला जास्त लागले. सामान रचणारा मीच होतो!

यंदा ज्येष्ठातच गावच्या सुताराला गाठले. फाळक्याकडे तोंड करून त्याने लाकडी फडताळ बसवून दिले. तळच्या कप्प्यात पीठ-तांदूळ, वरच्या खणांत मीठ-मिरची, पळ्या, उलथणी. जड ते खाली, हे बैलगाडी भरणाऱ्याला सांगायला नको. प्रत्येक खणाला बाहेरून खिटी हवीच, नाहीतर चढणीला खण आपोआप बाहेर येतात. फाळका साखळ्यांवर आडवा केला की पीठ मळायला ओटा तयार! डिझेलची रवानगी पार दुसऱ्या टोकाला.

गॅसची टाकी मात्र, मंडळी, फडताळात कोंडू नका. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर तळाशी साचून राहतो. टाकी उघड्यावर, उभी, दोरीने आवळलेली असावी आणि शेगडी खाली उतरवूनच पेटवावी.

यंदा सासवडला पोहोचलो तेव्हा पिठले-भाकरी तयार होती. एका आजीने भाकरी आधी नाकाशी नेऊन हुंगली, माझ्याकडे पाहून हसली आणि मग घास मोडला.