लुरेची गुहा आणि जाऊबाईंचा प्रश्न

परदेशात गाडीने फिरायचं ठरलं की पुरुषमंडळी नकाशा बघतात आणि बायका डबे मोजतात. त्यातून सोबत कुणी व्रती असेल तर मग बघायलाच नको! आमच्या मोठ्या जाऊबाई सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नाहीत, कंदमुळं वर्ज्य, पाणी उकळलेलंच. बालाघाटला हे जाणवत नाही, कारण अख्खं घर त्यांच्या घड्याळावर चालतं. अमेरिकेत मात्र त्याचाच 'आईचा प्रॉब्लेम' होतो. व्रत एकीचं असतं, पण ते सांभाळायला तीन बायका राबतात, हे एरवी कुणी मोजत नाही.

आम्ही लहानमोठे अकरा जण. पुतण्याच्या वॉशिंग्टनजवळच्या घरून भाड्याची मोठी व्हॅन करून व्हर्जिनियातल्या लुरे गुहा बघायला जायचं होतं. आदल्या रात्री दबक्या आवाजात विषय निघालाच, "आईला घरीच राहू द्यायचं का? गुडघे, जेवण, उगाच दगदग." जाऊबाईंनी ते ऐकलं. बोलल्या काही नाहीत. पहाटे चारला मला उठवलं, "अगं, पुऱ्या लाटायला ये." सात वाजेपर्यंत पुऱ्या, खाकरे, दशम्या आणि मुगाच्या डाळीचा चिवडा डब्यांत गेला होता. पुतण्याची बायको बंगाली. तिने मोबाईलवर बघून सांगितलं, "आई, इथे जुलैत सूर्य साडेआठनंतर मावळतो." बालाघाटला याच दिवसांत सातलाच अंथऊ उरकावा लागतो. अर्धा प्रश्न सूर्यानेच सोडवला.

गुडघ्यांचाही बाऊ झाला नाही. आता तिथे पायऱ्या उतराव्या लागत नाहीत, सगळी फरसबंद वाट आहे, जेमतेम दोन किलोमीटरची. आत बारा अंश सेल्सिअस. जुलैच्या उन्हातून शिरल्यावर शालीच निघाल्या. १८७८च्या ऑगस्टमध्ये गावातल्या एका पत्रेकाम करणाऱ्या माणसाला आणि त्याच्या सोबत्यांना जमिनीतल्या खळग्यातून गार वारा येताना लागला, त्या वाऱ्याने मेणबत्ती विझली आणि हे सापडलं, असं सांगतात. छतातून लोंबणारे आणि जमिनीतून वर आलेले चुन्याचे खांब, काही तर पडद्यासारखे पातळ, दुमडलेले. एका उथळ तळ्यात छताचं प्रतिबिंब इतकं स्वच्छ पडतं, की पाणी आहे हेच कळत नाही, खाली दरी आहे असं वाटून मीच दचकून मागे सरले. पुढे 'तळलेली अंडी' नावाचे दोन दगड आले. मुलं ओरडायच्या आत पुतण्याने आईला सांगितलं, "ही दोन सूर्यफुलं." त्या हसल्या. कळलं असणार.

गाईड मुलगी पुन्हा पुन्हा बजावत होती, हात लावू नका. बोटांचं तेल लागलं की दगडाची वाढ थांबते. पाण्याबरोबर थेंबाथेंबाने चुना येतो, आणि घन इंचभर दगड व्हायला सुमारे १२० वर्षं लागतात. जिथे अजून पाणी ठिबकतं त्या भागाला ती 'जिवंत' म्हणत होती. नातवाने ते आजीला समजावून सांगितलं. जाऊबाई म्हणाल्या, "हे मला माहीत आहे. पृथ्वीकाय." मुलाला शब्द कळेना. मग तिथेच, थंडीत उभं राहून, एकेंद्रिय जीवांची शिकवणी झाली. जमिनीतला दगड सचित्त, त्याला एकच इंद्रिय, स्पर्शाचं. पाठशाळेत आम्ही हे पाठ केलं होतं, पण स्पर्शानेच ज्याचं नुकसान होतं असा दगड मी पहिल्यांदाच बघत होते. विज्ञानाचं 'जिवंत' आणि आपलं 'सचित्त' एकच नव्हे, हे मला ठाऊक आहे. उगाच आगमाला विज्ञानाचं सर्टिफिकेट लावायची मला हौसही नाही. तरी अंगावर काटा आला.

शेवटी एका मोठ्या दालनात ऑर्गन वाजतो. लेलँड स्प्रिंकल नावाच्या माणसाने १९५४ पासून तीन वर्षं खपून तो बसवला. कळ दाबली की रबरी हातोडी एका लोंबत्या दगडावर पडते आणि सूर निघतो. असे ३७ दगड, साडेतीन एकरांत पसरलेले. त्यांतले बहुतेक सुरात आणण्यासाठी घासावे लागले. सगळे डोळे मिटून ऐकत होते. सूर खरंच गोड. जाऊबाई मात्र नातवाला म्हणाल्या, "तिला विचार, आम्ही बोट लावायचं नाही आणि यांनी घासायचं, हे कसं?"

मुलाने गाईडला विचारलं की नाही, मला ऐकू आलं नाही. तो आजीकडेच वळला. "आजी, आजोबांचे ट्रक कोणता दगड न्यायचे?"

आमच्या गावाला लागूनच भरवेलीची मँगनीजची खाण आहे. खोल, जमिनीच्या पोटात. दीर खनिज वाहतुकीचं काम करायचे, पुतण्याचं शिक्षण त्याच पैशावर झालं. श्रावकाने जे धंदे करू नयेत त्यांत जमीन फोडणं येतं. फोडणारे आम्ही नव्हतो, वाहणारे होतो, असं म्हणून आमच्या घरात चाळीस वर्षं निभावलं. पुतण्या म्हणाला, "चला, बाहेर निघू."

"थांब," जाऊबाई म्हणाल्या. "त्याने विचारलंय." मग मुलाकडे बघून, "मँगनीज, बेटा. काळा दगड. लोखंडात घालून पोलाद करतात. तुमच्या त्या गाडीतही असेल. आजोबांना मी एकदाच म्हटलं होतं, दुसरं काम बघा. ते म्हणाले, दुसरं काय आहे इथे? मलाही उत्तर सुचलं नाही. म्हणून रोज आलोचना पाठ करते. त्यात जमीन खोदल्याचीही कबुली आहे."

"पण तू तर खोदलं नाहीस."

"खाल्लं ना."

बाहेर पडेपर्यंत कुणी बोललं नाही. पुतण्या मागे रेंगाळत होता. वडिलांचं काम असं कुणी त्याच्यासमोर कधी बोललंच नव्हतं, घरात फक्त 'ट्रान्सपोर्ट' म्हणायचे.

परतताना स्कायलाइन ड्राइव्ह घेतला. डोंगरमाथ्यावरून जाणारा रस्ता, तासाला पस्तीस मैलांची मर्यादा. हरणं आरामात रस्ता ओलांडतात आणि गाड्या थांबतात. पोचायला उशीर होणार हे दिसत होतं. सात वाजता सूनबाईने न विचारता दरीकाठच्या एका थांब्यावर गाडी घ्यायला लावली, चादर अंथरली, डबे उघडले. अकराच्या अकरा जणांनी तिथेच जेवून घेतलं. नातवाने बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट काढलं, थोडा वेळ हातात धरलं, आणि सीटवर ठेवून पुरी घेतली. जाऊबाईंनी ते पाहिलं, पण कौतुक केलं नाही. फक्त लोणच्याची बाटली त्याच्याकडे सरकवली.