उणे बारात धावणारी पुणेकर

शिकागोला उन्हाळ्यात जावं, असं सगळेच सांगतात. मी गेले जानेवारीत, एका वेड्या मैत्रिणीकडे. ही बया मूळची पुण्याची. डिसेंबरात तळजाईला जायचं तरी स्वेटर, मफलर, कानटोपी असा सगळा जामानिमा करणारी. आता तिथल्या एका ऑफिसात आकडेमोड करते आणि पारा उणे बारावर असताना सकाळी मिशिगन लेकच्या काठाने सहा किलोमीटर धावते. बोला!

हा काठ म्हणजे शिकागोचं मरीन ड्राइव्ह समजा, फक्त कितीतरी लांब. लेकफ्रंट ट्रेल तब्बल २९ किलोमीटरचा आहे. एका बाजूला टोलेजंग इमारती, दुसऱ्या बाजूला तळं. पण पलीकडचा काठ दिसतच नाही, त्यामुळे समुद्रच वाटतो. उन्हाळ्यात इथे ही गर्दी! जानेवारीत मात्र मोजके धावणारे, एखाददुसरा कुत्रा आणि वारा. पाण्यावर बर्फाच्या गोल चकत्या थालीपिठांसारख्या तरंगत असतात. ओक स्ट्रीट बीचजवळ लाटा थेट वाटेवर येतात आणि तिथेच गोठतात. मग तेवढा भाग बंद. पाणी प्यायचे नळही हिवाळाभर बंदच.

मी तिच्यासोबत जेमतेम दीड किलोमीटर गेले. पापण्यांवर बर्फ जमला आणि चांगला चार्ज केलेला मोबाइल थंडीने मान टाकून मोकळा झाला.

'हे सगळं कशासाठी गं?' मी विचारलं.

तिचा तिथला पहिला हिवाळा वाईट गेला होता. डिसेंबरात सूर्य चार वीसला मावळतो. ही अंधारात ऑफिसला जायची, अंधारात परत यायची. सोमवार ते शुक्रवार ऊनच नाही. हळूहळू जेवण करणं सुटलं, आईचे फोन घेणंही सुटलं. एका सकाळी झोप येईना म्हणून ती तळ्यापर्यंत चालत गेली आणि पाण्यातून सूर्य वर येताना दिसला. काठ पूर्वेकडे आहे ना! दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. थंडीत उभं राहवेना, म्हणून धावायला लागली. 'फिटनेस वगैरे नंतर आलं. मला फक्त तो सूर्य हवा होता,' ती म्हणाली. आई अजूनही फोनवर ओरडते, 'छातीत कफ भरेल!' पण आता तो फोन ती रोज घेते.

तिचा फंडा साधा आहे. बूट घालून दारापर्यंत जायचंच. पुढचं हवा ठरवेल. ३० जानेवारी २०१९ ला शिकागोत पारा उणे ३०.६ वर गेला, तेव्हा ती घरातच थांबली. त्याचं तिला वाईट वगैरे वाटत नाही. 'उद्या धावता यावं म्हणून आज थांबायचं,' इतकं सरळ.

तुम्हीही अशा गावी जाणार असाल, तर तिच्याकडून शिकलेल्या या टिप्स. अंगाला सुती कपडा नको. तो घाम धरून ठेवतो आणि मग हुडहुडी भरते. घाम बाहेर टाकणारा पातळ थर आत, वारा अडवणारं जॅकेट बाहेर. घरातून निघताना थोडी थंडी वाजायला हवी, कारण दहा मिनिटांत अंग तापतं. जाताना वाऱ्याच्या तोंडावर धावा, येताना वारा पाठीवर घ्या. उलट केलंत, तर घामेजलेल्या अंगावर वारा झेलत परतावं लागेल. काळपट, चकाकणारा रस्ता दिसला की चाला, तो बर्फ असतो. दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि पाऱ्याइतकंच लक्ष वाऱ्याकडे द्या. उणे १८ तापमानात ताशी २४ किलोमीटरचा वारा असेल, तर अंगाला उणे २८ जाणवतं आणि उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. म्हणून कुठून मागे फिरायचं, ते घरातूनच ठरवून निघा.