मानहाइमचा रविवार

नारायण पेठेत वाढलेल्या माणसाला मानहाइमचे पत्ते पहिल्याच दिवशी समजतात. जर्मनीत बाकी सगळीकडे रस्त्याचं नाव आणि घराचा नंबर असतो. मानहाइमच्या जुन्या शहरात मात्र बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत. राजवाड्याकडे पाठ करून उभं राहिलं की डावीकडे 'ए' ते 'के' आणि उजवीकडे 'एल' ते 'यू' असे घरांचे चौकोन. 'जी १' म्हणजे बाजाराचा चौक. जर्मन पाहुणे इथे गोंधळतात. आपल्याकडे केसरीवाड्याचा पत्ता ५६८ नारायण पेठ, रस्त्याचं नाव कशाला हवं? फक्त 'पत्र्या मारुतीपाशी या, तिथून फोन करा' हे इथे चालत नाही.

अब्बा पेठेत पुस्तकबांधणी करायचे. दुकान बोळात, वर दोन खोल्या. घरात दखनी, जिना उतरला की मराठी. जर्मन मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलो आणि त्या वेळच्या माझ्या शब्दकोशाला अब्बांनी घातलेलं कापडी पुठ्ठ्याचं बाइंडिंग अजून सुटलेलं नाही. त्या जिन्याखालच्या काकू दुपारी एक ते चार आवाज काढू द्यायच्या नाहीत. जर्मन रविवारची ती पूर्वतयारी होती असं मी बायकोला सांगतो. रविवारी इथे दुकानं बंद, भिंतीला ड्रिल लावायचं नाही, काचेच्या बाटल्या टाकीत टाकायच्या नाहीत, कारण खळखळाट होतो. पहिलं वर्षभर आम्हाला या दिवसाचं करायचं काय तेच कळत नव्हतं.

शनिवार मात्र भरगच्च. सकाळी 'जी १'च्या चौकात भाजीबाजार भरतो. आसपासच्या गल्ल्यांत तुर्की दुकानं, हलाल मटण, पुदिना, आणि कोथिंबिरीच्या शेजारी तिच्यासारखीच दिसणारी पार्सली. ती हुंगूनच घ्यायची. तुर्की खाटिक मला पहिल्यांदा विचारायचा, 'पाकिस्तानी?' इंडिया म्हटल्यावर, 'मग मुसलमान कसा?' पुण्यात मला 'मराठी इतकं चांगलं कसं बोलता?' असं विचारणारे भेटले आहेत, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नव्हता. घर शोधतानाही तेच. पुण्यात लग्नानंतर भाड्याचं घर बघताना नाव सांगितलं की फोनवर शांतता पसरायची. इथे ई-मेलला उत्तर यायचं नाही. उत्तर न येणं जरा बरं, एवढाच फरक.

आता रविवारी सायकली काढतो. मानहाइमला तो हक्कच आहे म्हणा. १२ जून १८१७ रोजी कार्ल ड्राइस नावाच्या गृहस्थाने लाकडी दुचाकी इथूनच बाहेर काढली. पेडल नव्हतं, पायाने जमीन ढकलत जायचं. त्याच वर्षी नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली आणि पुण्यातली पेशवाई आटोपली. पुढे पुणंच सायकलींचं शहर झालं. अब्बांनी स्कूटर कधी घेतली नाही. सायकलच्या कॅरियरला कागदाची रिमं बांधून ते लक्ष्मी रोडच्या गर्दीतून ज्या सफाईने जायचे, तसं मला इथल्या मोकळ्या सायकल-रस्त्यावरूनही जमत नाही.

ड्राइस श्वेत्सिंगनच्या दिशेनेच गेला होता, आणि आम्हीही बहुतेक तिकडेच जातो. तासाभराचं अंतर. तिथे राजवाड्याच्या बागेत एक मशीद आहे. घुमट, दोन मिनार, समोर तळं. कार्ल थिओडोर नावाच्या राजाने निकोला द पिगाज या वास्तुकाराकडून ती अठराव्या शतकाच्या शेवटी बांधून घेतली. पुण्यात तेव्हा सवाई माधवरावांची कारकीर्द चालू होती. मशीद म्हणायची, पण ती नमाजसाठी बांधलेलीच नाही. त्या काळी युरोपात तुर्की थाटाच्या इमारतींची हौस होती. भिंतीवर अरबी वचनं आहेत, खाली जर्मन भाषांतर. अरबीत चुका आहेत, अशी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीची तक्रार आहे. तिचं स्वतःचं अरबी 'यस्सर्नल कुरआन'च्या पुढे गेलेलं नाही.

खरी नमाजची मशीद मानहाइममध्ये आहे, १९९५ साली उघडलेली, कॅथलिक चर्चच्या समोरासमोर. जुम्म्याला कामावरून सुटता आलं तर मी तिथे जातो. तिथले तुर्की म्हातारे दरवर्षी एका निधीत वर्गणी भरतात. मेल्यावर मय्यत विमानाने तुर्कस्तानातल्या गावी जावी म्हणून. चाळीस-चाळीस वर्षं इथल्या कारखान्यांत काढलेली माणसं. मला हे पूर्वी विचित्र वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत अब्बा फज्रच्या वेळी गेले. इथे रात्रीचा दीड वाजला होता. आपल्यात मय्यत थांबवत नाहीत. पुण्यात असरनंतर दफन झालं तेव्हा इथे दुपारचे साडेबारा होत होते आणि मी फ्रँकफर्ट विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या रांगेत बूट काढत होतो.

गेल्या मे महिन्यात अम्मी आली. सायकल शक्य नव्हती, म्हणून रेल्वेने श्वेत्सिंगनला गेलो. मे म्हणजे तिथे पांढऱ्या शतावरीचा, म्हणजे श्पार्गेलचा हंगाम. २४ जूनपर्यंत लोक ती देवाने पाठवल्यासारखी खातात. अम्मीने एक तुकडा खाल्ला आणि दुधी बरा म्हणाली. मशीद बघून मात्र खूश झाली. जुहरची वेळ झाली होती. इथे नमाज होत नाही, हे मी तिला सांगेपर्यंत तिने नातीकडून मोबाईलवर किबला काढून घेतला, तळ्याकाठी गवतावर ओढणी अंथरली आणि मुसाफिराच्या दोन रकात पढून घेतल्या. एक म्हातारं जर्मन जोडपं पायवाटेवर थांबलं होतं. तिने सलाम फिरवल्यावरच ते पुढे गेले.

परतीच्या गाडीत पासपोर्टचा विषय निघाला. जून २०२४ पासून जर्मनीत पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. ३३ प्रश्नांची परीक्षा, १७ बरोबर आले की पास. जर्मनीला आता आधीचं नागरिकत्व सोडायला नको असतं, पण भारताला दुहेरी चालत नाही. म्हणजे शेवटच्या पानावर नारायण पेठ, पुणे ४११०३० असं छापलेला पासपोर्ट परत करायचा. तो वाडाही आता पडला, तिथे पाच मजली इमारत आहे. मतदान जाईल, शेतजमीन घेता येणार नाही. ती कधी घेणारही नव्हतो. पण मत द्यायला मी एकदा सुट्टी काढून गेलो होतो.

अम्मीला यातलं काही ऐकायचं नव्हतं. तिने विचारलं, 'मेरी मय्यत को आने को तेरे को व्हिसा लगेंगा क्या?'

ओसीआय कार्ड असलं की लागत नाही, म्हटलं.

'कितने घंटे लगते?'

घरापासून कब्रस्तानापर्यंत, मुंबईमार्गे, सगळं जुळून आलं तर सतरा-अठरा. तिने बोटांवर मोजलं. 'फिर असर नई होता. इशा के बाद रखो बोल के सबको बोल के रखती मैं.'

अम्मी जुलैत परत गेली. बायकोने तिचा अर्ज दिला आहे, माझा अजून टेबलाच्या खणात आहे. येत्या रविवारी ऊन पडलं तर श्वेत्सिंगनऐवजी हायडेलबर्गला जाऊ, मुलीच्या सायकलला नवी ट्यूब बसवून झाली आहे.