चिल्लर खुर्द्याची गणती

पानिपत हा शब्द आम्हां मराठी माणसांच्या तोंडीं केवळ एका गांवाचें नांव म्हणून राहिलेला नाहीं. व्यापार बुडो कीं निवडणूक हातची जावो, ज्याचें त्याचें एक पानिपत ठरलेलें असतें. १७६१ च्या जानेवारींतील त्या संहाराची बातमी नानासाहेब पेशव्यांना ज्या सांकेतिक पत्रानें कळली, त्यांतील हिशेब आमच्या घरांतल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. माणसांची मोजदाद तेथें जवाहीर आणि नाणीं यांच्या भाषेंत केली होती: मोत्यें दोन, मोहरा कांहीं, आणि सर्वांत शेवटीं बेहिशेबी चिल्लर खुर्दा. विश्वासराव आणि भाऊसाहेब हीं मोत्यें आम्हांस तोंडपाठ आहेत. मोहरांचीं नांवें बखरींत सांपडतात. खुर्दा मात्र खुर्दाच राहिला. सैन्यामागून चालणारे बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुलें यांचीं नांवें लिहून ठेवावीं असें कोणास वाटलें नाहीं.

याच पानिपताजवळ २४६ वर्षांनीं आणखी एकदां चिल्लर खुर्दा मातींत गेला. १८ फेब्रुवारी २००७ च्या रात्रीं दिल्लीहून अटारीकडे निघालेली समझौता एक्सप्रेस दिवाना स्थानकाजवळून जात असतां तिच्या दोन डब्यांत स्फोट होऊन आग लागली. ६८ माणसें मेलीं. त्यांत बहुतेक पाकिस्तानी होते. कांहीं आपल्या देशाचे होते. लहान मुलेंही होतीं. ती गाडी थोरामोठ्यांची नव्हती. सिमल्याच्या करारानंतर १९७६ सालीं ती सुरू झाली आणि फाळणीची रेघ ज्यांच्या घरांतून गेली, त्यांचा सारा भार तिच्यावर पडला. दिल्लीची मावशी आणि लाहोरचा भाचा यांची गांठ तिच्यामुळें पडे. लग्नकार्य, आजारपण, मयत, अशाच कारणांनीं तिच्यांतून माणसें जात-येत. त्या रात्रीं आसपासच्या खेड्यांतील लोक मदतीला धांवून आले. जळत्या डब्यांतला माणूस कोणत्या देशाचा, हें विचारण्याचा तो प्रसंगच नव्हता.

दहशतवाद्याचें मारल्या जाणाऱ्या माणसाशीं वैर नसतें. त्याचें नांवही त्याला ठाऊक नसतें. त्याला हवा असतो तो त्या मरणामागून उठणारा द्वेष. दोन देशांना जोडणाऱ्या गाडीलाच आग लावावी, यांत दुसरा हेतु तो कोणता असणार? परंतु त्या वेळीं तो हेतु पुरता साधला नाहीं. पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री खुर्शीद महमूद कसुरी यांची दिल्लीची भेट आधींच ठरलेली होती. ती रद्द झाली नाहीं. अण्वस्त्रांच्या अपघातांचा धोका कमी करण्याविषयींच्या करारावर २१ फेब्रुवारीस उभय देशांच्या सह्या झाल्या. चितेची राख निवाली नव्हती, तरी बोलणें थांबलें नाहीं, ही गोष्ट आम्हांस त्या कराराइतकीच महत्त्वाची वाटते.

ज्यांची ओळख पटली नाहीं, अशा मृतांना पानिपतजवळच्या महराणा गांवच्या कबरस्तानांत मूठमाती देण्यांत आली. त्यांच्या कबरींवर नांवाऐवजीं आंकडे आहेत. परक्या देशांतील परक्या गांवीं, नुसता आंकडा होऊन पडून राहणें, याहून एकाकी मरण तें कोणतें? पण आमच्या घरांतील परंपरा अशा मृतांना परकें मानीत नाहीं. ज्यांची तिथि ठाऊक नाहीं, त्यांच्यासाठीं सर्वपित्री अमावास्या राखून ठेवलेली आहे. तर्पणाला बसलेला गृहस्थ आपल्या पितरांना पाणी देतोच, आणि ज्यांचें आपल्याशीं कांहीं नातें नाहीं, ज्यांच्या मागें कोणी उरलें नाहीं, त्यांच्या नांवानेंही एक ओंजळ सोडतो. त्या ओंजळीला सरहद्द नाहीं.

कोणी म्हणेल, हें सारें ठीक. पण टाळी एका हातानें वाजत नाहीं. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं कराचीहून समुद्रमार्गें आलेल्या दहा जणांनीं आमच्या मुंबईंत १६६ जणांचे प्राण घेतले, आणि पाकिस्तानांतील त्याचा खटला वर्षानुवर्षें रेंगाळला. हा आक्षेप खरा आहे, आणि मैत्रीच्या नांवाखालीं तो गिळून टाकावा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु न्याय मागणाऱ्याचें स्वतःचें घरही चोख हवें. समझौता खटल्यांतील चारही आरोपी मार्च २०१९ मध्यें पुराव्याअभावीं निर्दोष सुटले. तेव्हां त्या ६८ जणांना कोणीं मारलें, हा प्रश्न आमच्याही दारीं उभा आहे. आणि मुंबईपुरतें पाहिलें तरी करकरे, कामटे, साळसकर, ओंबळे हीं नांवें आम्हांस मुखोद्गत आहेत. पण छत्रपति शिवाजी टर्मिनसवर गांवच्या गाडीची वाट पाहत बोचक्यांपाशीं बसलेले जे पन्नासांहून अधिक जीव गेले, त्यांतील किती नांवें आपणांपैकीं कोणास सांगतां येतील? त्यांत हिंदु होते तसे मुसलमानही होते. मोत्यें आणि खुर्दा हा भेद अजून संपलेला नाहीं.

१६ डिसेंबर २०१४ रोजीं पेशावरच्या शाळेंत सव्वाशेंहून अधिक मुलें मारलीं गेलीं. दुसऱ्या दिवशीं आमच्या देशांतील शाळांतून मुलें दोन मिनिटें स्तब्ध उभीं राहिलीं. शेजारधर्म म्हणतात तो हाच. त्यासाठीं ना करार लागला, ना शिष्टमंडळ.

पुढें २०१९ च्या ऑगस्टांत समझौता एक्सप्रेस बंद पडली. २२ एप्रिल २०२५ रोजीं पहलगाम येथें २६ जणांची हत्या झाली, त्यांत सहा महाराष्ट्रांतले होते. आणि अटारीचें नाकेंही बंद झालें. अशा वेळीं मैत्रीचा शब्द काढणाऱ्याकडे लोकांनीं संशयानें पाहावें, हें साहजिक आहे. ज्या घरांतला कर्ता पुरुष गेला, त्या घरास क्षमेचा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. मात्र आम्हां बाकीच्यांनीं त्या घरच्या दुःखाचें भांडवल करून द्वेषाचा व्यापार मांडूं नये. गाड्या सुरू करणें, नाकीं उघडणें सरकारांच्या हातीं आहे. मेलेल्यांची गणती नीट ठेवणें आपल्या हातीं आहे. जो समाज शेजाऱ्याचें मेलेलें मूल आपल्या हिशेबांत धरतो, तोच आपल्या मुलाच्या मरणाचा जाब शेजाऱ्याला ताठ मानेनें विचारूं शकतो.