‘कै’च्या पुढची अक्षरं

आईची सत्तरी उलटली आहे. बारीक अक्षरं तिला वाचवत नाहीत, म्हणून तिच्या लॅपटॉपवर ‘स्केल’ १५० टक्के ठेवलंय. ती इंदूरला एकटी राहते आणि बंगळुरूत वाढणाऱ्या नातवासाठी मराठीचे धडे रेकॉर्ड करून पाठवते. पडद्याच्या रुंदीभर बाराखडी मांडायची आणि एकेका अक्षरावर बाण नेत म्हणायची, अशी तिची पद्धत.

नवीन रेकॉर्डर घेतल्यावर नातवाचा फोन आला, “आजी, कैच्या पुढे काहीच नाही गं!” खरंच, को, कौ, कं, कः गायब! खालचा भागही नव्हता. कुणीतरी सुचवलं, स्केल १०० करा. केलं. व्हिडिओ पूर्ण आला, पण आता आईलाच अक्षरं दिसेनात. “राहू दे, झालं तेवढं पुरे,” ती म्हणाली. तिचा तो स्वर मला सहन झाला नाही. मी हिशेब मांडून बसले.

तिच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० पिक्सेल आहेत. स्केल वाढवल्याने हे ठिपके कमी होत नाहीत; प्रत्येक अक्षर तेवढं दीडपट लांबरुंद काढलं जातं. मात्र जुन्या धाटणीच्या प्रोग्रॅमना विंडोज सांगते की पडदा १२८० बाय ७२० चाच आहे, म्हणजे १९२० आणि १०८० ला दीडने भागून. तिचा रेकॉर्डर माप या आकड्यांनी घेत होता आणि चित्र मात्र खऱ्या पिक्सेलमधून उचलत होता. १९२० पैकी १२८० म्हणजे दोन तृतीयांश रुंदी. बारापैकी आठ अक्षरं. बरोबर कैपर्यंत! उंचीही तेवढीच घटली, त्यामुळे पडद्याच्या नऊ भागांपैकी चारच व्हिडिओत आले.

उपाय सोपा निघाला. स्केल पुन्हा १५० केलं आणि रेकॉर्डरच्या रुंदी-उंचीच्या चौकटीत १९२० आणि १०८० हे खरे आकडे हाताने भरले.

तुमच्याकडेही असं झालं, तर दिसणाऱ्या मापाला स्केलने गुणा. १२५ टक्के असेल तर १.२५ ने, १५० असेल तर १.५ ने. उत्तर अपूर्णांकात किंवा विषम आलं तर जवळची सम संख्या घ्या, कारण अनेक व्हिडिओ प्रकारांना सम मापच चालतं. ८५३ ची दीडपट १२७९.५ होते, तिथे १२८० लिहा. मोबाईलमध्येही अशी दोन मापं असतात. २०१० च्या आयफोन ४ चा पडदा ६४० बाय ९६० पिक्सेलचा होता, पण ॲप्सच्या हिशेबात तो ३२० बाय ४८० च होता.

धडा रेकॉर्ड करण्याआधी दहा सेकंदांची चाचणी घ्या आणि चारही कोपरे तपासा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘अक्षरं लहान करा’ असं सांगण्याआधी आपण एकदा गुणाकार करून पाहावा. त्यांच्या डोळ्यांना सोसेल तेवढं मोठं अक्षर त्यांच्यासमोर राहायलाच हवं.