फॅट किती लागती?

ऑफिसच्या कामासाठी तीन आठवडे नेपल्सला होतो. एका रविवारी पहाटे तिथला सहकारी मला दक्षिणेला, पेस्टमजवळच्या एका लहानशा चीजघरात घेऊन गेला. मोझरेला म्हणजे पिझ्झावर ताणली जाणारी तार, एवढीच माझी ओळख. दारातून आत शिरलो आणि म्हशीच्या कोमट दुधाचा वास आला. नऊ वर्षांनी.

कोल्हापूरजवळच्या आमच्या गावी अण्णांकडे तीन पंढरपुरी म्हशी होत्या. माझी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची फी भरायला त्या विकल्या. त्यानंतर घरात म्हशींचा विषय कधी निघाला नाही. मीही काढला नाही.

चीजघराची मालकीण साठीच्या पुढची. सहकारी मध्ये बसून तिचं बोलणं मला इंग्रजीत सांगत होता. दुधात कालची राखून ठेवलेली निवळी घालतात; म्हणजे आपलं विरजणच. मग वासराच्या जठरातलं रेनेट घालून दूध गोठवायचं, तो थर फोडायचा आणि निवळीतच काही तास आंबू द्यायचा. तिच्याकडे आम्लता मोजायचं यंत्र होतं. तिने आकडा पाहिला. तरीही एक तुकडा काढून कढत पाण्यात टाकला आणि दोन्ही हातांनी ओढला. तुटला. थोड्या वेळाने पुन्हा ओढला, पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा तो न तुटता लांबतच गेला, तशी सगळ्यांची लगबग सुरू झाली.

उकळतं पाणी ओतून, काठीने वर उचलून उचलून तो गोळा रेशमासारखा झाला. मग एकाने धरायचा, दुसऱ्याने अंगठा आणि तर्जनीत चिमटून तोडायचा. इटालियनमध्ये ‘मोझ्झारे’ म्हणजे तोडणं. मोझरेला हे नाव त्यावरूनच आलं. तिने एक गोळा माझ्या हातावर ठेवला. चावल्याबरोबर दूध मनगटापर्यंत ओघळलं.

आमच्याकडे डेअरीत दूध ओतलं, फॅट लागली, पावती मिळाली, की दुधाशी संबंध संपायचा. अण्णांना मात्र बादलीत पडणाऱ्या धारेच्या आवाजावरून म्हशीची तब्येत कळायची. त्याला पावतीवर रकाना नव्हता. मीही इतकी वर्षं एवढाच हिशोब धरला होता : तीन म्हशी, एका वर्षाची फी. त्या बाईचे हात बघताना पहिल्यांदा मनात आलं, की म्हशी गेल्या त्या दिवसापासून अण्णांचे हात पहाटे काय करत असतील?

निघताना तिने मिठाच्या पाण्यात घालून चार गोळे बांधून दिले. फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत, आजच खायचे, असं दोनदा बजावलं.

दुपारी घरी फोन केला. जेवणाचं, पावसाचं बोलून झालं.

“अण्णा, आज म्हशीच्या दुधाचं चीज करतात तिथं गेलो होतो.”

पलीकडे काहीच नाही. मला वाटलं, फोन कट झाला.

“फॅट किती लागती तिकडं?”

“आठच्या आसपास, म्हणाल्या.”

“चंद्रीची साडेसात लागायची,” अण्णा म्हणाले. “वैरण चांगली असली की तिची पण आठ.”

मग पाऊण तास ते एकटेच बोलत होते.